गलबताची तहान

कोल्हापुरात बसून आरमाराविषयी बोलायला लागलो, की समोरचा हमखास विचारतो, "अहो, आपल्याकडे पंचगंगा आहे, रंकाळा आहे, समुद्र कुठून काढलात?" प्रश्न रास्त आहे. घाट उतरल्याशिवाय आपल्याला खारा वारा लागत नाही. पण १८१२ सालापर्यंत करवीरच्या छत्रपतींचे स्वतःचे आरमार होते आणि ते मालवणला, सिंधुदुर्गाच्या आसऱ्याला नांगरलेले असे. मुंबईकर इंग्रजांनी त्या काळच्या आपल्या कागदपत्रांत या मालवणच्या गलबतांच्या नावाने बरीच बोटे मोडलेली आहेत. शत्रूने बोटे मोडावीत इतपत ते आरमार कामाचे होते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

या आरमारावर लिहिणारे तोफा मोजतात, गलबते मोजतात, लढायांच्या तारखा देतात. मला मात्र बरीच वर्षे एक साधा प्रश्न छळत होता. ही माणसे समुद्रावर पाणी काय पीत होती? ते कशात भरीत, कुठे ठेवीत आणि किती दिवस पुरवीत? तोफ नसलेले गलबत निदान पळून जाऊ शकते. पाणी संपलेल्या गलबताला पळून जायलाही किनाराच लागतो. या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा आपल्या आरमाराचा इतिहास मला थोडा वेगळ्या बाजूने दिसू लागला. तेच आज सांगायचे आहे.

चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही अवस्था कोल्हापूरकरांना समजावून सांगावी लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा पाणी उपसणारी केंद्रेच पुरात बुडाली. शहराच्या सखल भागांत घरांतून पाणी आणि नळ मात्र कोरडे, असे काही दिवस आपण काढले. टँकरमागे कळशा घेऊन धावलेली माणसे हे ऐकत असतील. समुद्रावर ही अवस्था रोजचीच असते आणि तिथे टँकर येत नाही.

समुद्राचे पाणी प्यायले तर काय होते, हे एकदा नीट समजून घेऊ. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारट पाणी शरीराबाहेर टाकू शकत नाहीत. ते क्षार बाहेर काढण्यासाठी शरीराला स्वतःजवळचे पाणी आणखी खर्ची घालावे लागते. म्हणजे एक पेला खारे पाणी प्यायल्यावर माणूस एका पेल्याहून अधिक पाणी गमावतो. तहानेने जीव कासावीस झालेला माणूस समुद्राचे पाणी पितो, आणखी तहानतो, आणखी पितो आणि शेवटी भ्रमिष्ट होतो. दर्यावर्दी लोकांना यातले शास्त्र ठाऊक नसेल. परिणाम पक्के ठाऊक होते.

आता आपले गलबत पाहू. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मराठ्यांच्या जहाजांचे वर्णन करून ठेवले आहे. गुराब ही मोठी. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. गलबत त्याहून लहान. सर्वांत मोठे गलबतही सत्तर टनांच्या वर सहसा जात नसे. त्याला दोन डोलकाठ्या, काही हलक्या तोफा आणि चाळीस ते पन्नास वल्ही असत. वारा पडला तरी वल्ह्यांवर ते ताशी चार मैल जाई. इंग्रजांची जड जहाजे वारा पडला की जागीच डुलत राहत आणि आपली गलबते त्यांना माश्यांसारखी घेरीत. हे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो.

पण त्या पन्नास वल्ह्यांवर पन्नास माणसे होती आणि ती उन्हात घाम गाळत होती. याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. म्हणून मीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हा माझा अंदाज आहे, दप्तरातला आकडा नव्हे. वल्हेकरी, खलाशी, गोलंदाज आणि शिपाई मिळून एका गलबतावर ऐंशी माणसे धरली. कोकणच्या उन्हात वल्ही मारणाऱ्याला दिवसाला पाच लिटर पाणी हे काही चैनीचे माप नव्हे, आणि भात शिजवायचा तोही त्यातच. ऐंशी माणसांना रोज चारशे लिटर झाले. घरातली मध्यम घागर बारा-तेरा लिटरांची धरली, तर रोजच्या तीस-बत्तीस घागरी. दहा दिवसांची मोहीम म्हणजे चार हजार लिटर, म्हणजेच चार टन वजन. तांदूळ, दारूगोळा, सरपण आणि माणसे यांनी आधीच भरलेल्या, वल्ह्यांनी ओढायच्या होडीत हे चार टन ठेवायचे कुठे? बरे, ते ठेवले तर गलबत जड होते, जड झाले की वल्हेकऱ्याला जोर जास्त लागतो आणि जोर लागला की तहानही जास्त लागते.

पाणी साठवायची साधनेही त्या काळी फार नव्हती. मातीचे रांजण आणि मडकी पाणी गार ठेवतात, पण लाटेच्या एका हिसक्याने फुटतात. चामड्याची पखाल फुटत नाही, कोपऱ्यात कशीही बसते, पण तिच्यातल्या पाण्याला लवकर वास लागतो. पखाल आता आपल्याकडे रेड्याच्या म्हणीपुरती उरली. एके काळी गावोगावचे पाणी तिनेच वाहिले. तिसरे साधन लाकडाचे पिंप. हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो पोर्तुगिजांकडून आला आहे हे सांगितले तर लोक चकित होतात. त्यांचा 'पिपा' आपल्याकडे 'पिंप' झाला. 'बालदी'ही त्यांचीच. पाणी साठवायच्या आणि उचलायच्या भांड्यांची दोन नावे परक्या दर्यावर्दी लोकांकडून यावीत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. माणसे एकमेकांच्या जहाजांवर काय पाहत होती, याची ती खूण आहे.

पिंप बळकट खरे, पण तेही पूर्ण सोयीचे नाही. लाकडात पाणी काही आठवड्यांनी हिरवे पडते, बुळबुळीत होते, त्याला घाण येते. गोल पिंपे एकावर एक रचली की मधे जागा वाया जाते. युरोपीय जहाजांवर आणखी एक गोष्ट करीत. प्यायच्या पाण्याची पिंपे हे जहाजाच्या तळाचे वजनही असे. ती रिकामी झाली की जहाज हलके होऊन कलू लागे, म्हणून रिकाम्या पिंपांत समुद्राचे पाणी भरून ठेवीत. पुढे किनारा लागला की ती पुन्हा धुऊन काढायचा खटाटोप. ब्रिटिश नौदलात १८१५ च्या सुमाराला पिंपांच्या जागी लोखंडी चौकोनी टाक्या आल्या. त्या जहाजाच्या तळाला नीट बसत, थोडा गंज धरीत, पण पाणी बरेच दिवस टिके. त्या येईपर्यंत करवीरचे आरमार संपले होते.

मग आपल्या आरमाराने हा प्रश्न सोडवला कसा? माझ्या मते त्याचे उत्तर गलबतात शोधू नये. ते किनाऱ्यावर आहे. गलबतात पाण्याची मोठी टाकी बसत नव्हती, म्हणून ती टाकी समुद्रातल्या खडकावर बांधली. तिला आपण सिंधुदुर्ग म्हणतो.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तिथे शिवाजी महाराजांनी किल्ल्याचा पाया घातला. सुमारे ४८ एकरांचे हे बेट, चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी: दूध बाव, दही बाव आणि साखर बाव. कोकणात विहिरीला 'बाव' म्हणतात. नावेच सांगतात की पाण्याची चव लोकांना किती मोलाची वाटली. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटाड्या सांगत होता, "हा चमत्कार आहे बघा." त्याच्या श्रद्धेला मी धक्का लावला नाही, पण मला त्यातली योजना जास्त थोर वाटते.

ती योजना अशी. मालवणला पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. ४८ एकरांवर पडलेल्या त्या पावसाचा हिशेब केला तर तो जवळजवळ ४८ कोटी लिटर भरतो. बहुतेक पाणी वाहून समुद्राला मिळते. उरलेले खडकाच्या भेगांतून खाली झिरपते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. त्यामुळे बेटाच्या पोटात शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर ते तवंगासारखे तरंगत राहते. विहीर त्या गोड्या थरापर्यंतच खणायची. जास्त खोल गेलात किंवा एकदम जास्त उपसा केलात, तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर मचूळ होते. वर सांगितलेल्या पावसाचा शंभरावा भाग जरी खडकात टिकला, तरी हजार माणसांना माणशी चार लिटरप्रमाणे तीन वर्षे पुरेल इतके पाणी होते. गलबताला जे चार टन जड जात होते, ते इथे खडकाने फुकट सांभाळले.

सिंधुदुर्गाचे काम सुरू झाल्यावर तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या आरमारात तीन मोठी जहाजे आणि ८५ लहान गलबते असल्याचे लिहून ठेवले आहे. मालवण ते बसरूर समुद्राने तीनशे किलोमीटरच्या आसपास. परतताना महाराज गोकर्णाला उतरले आणि बरेचसे आरमार परत पाठवून पुढे अंकोला-कारवारच्या बाजूला गेले. नकाशावर हा मार्ग पाहा. तो सगळा किनाऱ्याला धरून आहे. वाटेत नद्यांची मुखे आहेत, खाड्या आहेत. गलबत उथळ तळाचे असल्याने खाडीत आत शिरू शकते आणि भरतीची खारी हद्द ओलांडली की गोडे पाणी मिळते. इंग्रज-डचांची जहाजे महिनोन्महिने खोल समुद्रात राहत, कारण त्यांच्या पोटात शेकडो पिंपे मावत. आपली गलबते किनारा सोडीत नसत, याचे कारण काही अभ्यासक खलाशांच्या भित्रेपणात किंवा खोल समुद्राच्या अज्ञानात शोधतात. मला ते पटत नाही. वल्ह्यांचा वेग हवा असेल तर माणसे जास्त हवीत, माणसे जास्त तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त नेता येत नसेल तर दर तीन-चार दिवसांनी किनारा हवा. मी तरी त्याकडे असेच पाहतो.

इथे आपल्या कोल्हापूरच्या माणसाची आठवण करायला हवी. रामचंद्रपंत अमात्य. गगनबावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती, ते बावडेकर. करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. राज्य कसे चालवावे याचे ते पुस्तक. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, समुद्र खवळण्याच्या आधीच आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला किनाऱ्यावर ओढून घ्यावे, छावणीचे बंदर दरवर्षी बदलावे, अशा बारीकसारीक सूचना आहेत. घाटमाथ्यावरच्या माणसाने समुद्राचा इतका विचार करावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण पाण्याबद्दलचे त्यांचे सर्वांत शहाणे म्हणणे किल्ल्यांच्या प्रकरणात येते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, हे तर आहेच. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत. आणि त्यापुढे ते बजावतात, की एक झरा आहे आणि त्याचे पाणी पुरते आहे एवढ्यावर विसंबून राहू नये. लढाईत तोफांच्या हादऱ्यांनी झरा आटू शकतो, शिवाय त्या वेळी पाण्याचा खर्चही वाढतो. म्हणून साठवणीची आणखी दोन-चार टाकी असलीच पाहिजेत आणि ते पाणी जपले पाहिजे. मूळ वाक्ये जुन्या वळणाची आहेत, म्हणून आशयच सांगितला. पंतांचा हा नियम तुम्ही लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढे, फार लांबच्या समुद्रात भेटणार आहे.

करवीरच्या वाट्याला आलेल्या आरमाराची अडचण अशी, की त्याच्याजवळ गोड्या पाण्याची ठिकाणे थोडी होती. मालवणहून उत्तरेला साधारण पंचावन्न-साठ किलोमीटरवर विजयदुर्ग. ताशी चार मैलांनी वल्ही मारत गेले तर नऊ-एक तासांचे अंतर, म्हणजे दिवसभराची मजल. पण विजयदुर्ग आधी आंग्र्यांकडे होता आणि १७५६ मध्ये इंग्रजांनी तो घेतल्यावर पेशव्यांकडे गेला. पेशवे आणि करवीर यांचे संबंध कसे होते, हे या शहरात सांगायला नको. दक्षिणेला वाडीचे सावंत. त्यांच्याशीही कुरबुरी चालूच. थोडक्यात, आजूबाजूच्या बहुतेक विहिरी परक्यांच्या. दूध बाव, दही बाव आणि साखर बाव याच काय त्या हक्काच्या.

म्हणून १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, तेव्हा करवीरचा एक किल्ला गेला एवढ्यावर ते भागले नाही. इंग्रजांनी त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पण किल्ला ठेवणे त्यांना परवडेना आणि तटबंदी इतकी अवाढव्य, की पाडणेही सोपे नव्हते. शेवटी १७६६ मध्ये पैसे घेऊन आणि अटी घालून तो त्यांनी करवीरला परत दिला. त्या वेळी कोल्हापुरात राज्यकारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. इतिहासात कर्तबगार म्हणून नाव असलेल्या या बाईंनी तो किल्ला सोडून दिला नाही, पैसे कबूल केले, पण परत घेतला. इतर हिशेब काहीही असोत, सिंधुदुर्गाशिवाय करवीरच्या एकाही गलबताला समुद्रावर आठवडा काढता आला नसता, हे त्यांना समजले नसेल असे मला वाटत नाही.

१ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मात्र मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. करवीरच्या आरमाराची गोष्ट तिथे संपते. त्यानंतर आपल्या राज्यकर्त्यांनी पाण्याची मोठमोठी कामे केली, पण ती सगळी घाटाच्या वरची.

आता तिथून एकदम दीडशे वर्षे पुढे जाऊ. पण फार लांब नाही, मुंबईपर्यंतच. १९६० च्या दशकात मुंबईत सागाच्या लाकडाची एक ३२ फुटी शिडाची होडी बांधली गेली. तिचे नाव सुहैली. सत्तर टनांच्या गलबतापुढे ही अगदीच लहान. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून ती घेऊन एकटा निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. ३१२ दिवस, वाटेत कुठेही न थांबता, जगाला फेरी. असे करणारा तो पहिला माणूस. एकटा माणूस, वल्हेकरी नाहीत, म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असे आपल्याला वाटेल. तो सुटला नव्हता. दक्षिण महासागरात शिरल्यावर सुरुवातीलाच वादळाने होडी आडवी पाडली आणि नंतर त्याच्या लक्षात आले, की मुख्य टाक्यांतले पाणी नासले आहे. पुढचा किनारा हजारो मैल दूर. त्याला तारले ते दोन गोष्टींनी. थोडे पाणी त्याने निराळ्या डब्यांत भरून ठेवले होते, आणि दुसरे म्हणजे पाऊस.

एका झऱ्यावर विसंबू नये, हा पंतांचा नियम तो हाच. गगनबावड्याच्या अमात्यांनी गडासाठी लिहिलेली गोष्ट, मुंबईत बांधलेल्या होडीत, पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळ खरी ठरली.

पावसाचे पाणी धरायची रीत फार जुनी आणि सोपी आहे. पाऊस शिडावर पडतो, शिडाच्या उतारावरून खालच्या आडव्या वाशाकडे ओघळतो आणि तिथे बादली टांगलेली असते. फक्त पहिल्या सरीचे पाणी धरायचे नाही. शिडावर वाळलेले मीठ त्या पाण्यात उतरते. ती सर वाहू द्यायची, चाखून पाहायचे आणि मग बादली लावायची. आपण पहिल्या पावसाचे पागोळीचे पाणी भरत नाही, तसेच.

आजच्या लहान होडीत पाण्याची सोय कशी करतात, हे मी बांधणीतल्या जाणकारांकडून मुद्दाम समजून घेतले. टाकी शक्य तितकी खाली आणि होडीच्या मध्याजवळ बसवतात, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन आणि ते वर किंवा एका बाजूला असेल तर होडी कलते. टाकीच्या आत भोके असलेल्या भिंती घालतात. त्या नसतील तर अर्धी भरलेली टाकी फार धोक्याची. होडी एकीकडे झुकली की सगळे पाणी तिकडेच धावते आणि तिला आणखी झुकवते. टाक्या दोन, आणि त्यांच्या नळ्या वेगळ्या; एकीत घाण गेली तर दुसरी शाबूत राहावी. हवा जाण्यायेण्याची नळी अशी वर काढायची, की लाटेचे पाणी तिच्यातून आत शिरणार नाही. आणि सर्वांत मजेची गोष्ट नळाची. विजेचा पंप लावला की घरच्यासारखा नळ सुरू होतो आणि घरच्यासारखेच पाणी वाया जाते. म्हणून लांबच्या प्रवासाला जाणारे पायाने दाबायचा पंप पसंत करतात. दाबाल तेवढेच पाणी येते. शेजारी समुद्राच्या पाण्याचा वेगळा पंप असतो. भांडी त्याने घासायची आणि गोड्या पाण्याने नुसती विसळायची.

याच्या जोडीला आता खाऱ्याचे गोडे करणारे यंत्र आले आहे. समुद्राचे पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यावर, हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाबाने रेटायचे. पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. घराघरांत बसवलेल्या पाण्याच्या यंत्राचाच हा थोरला भाऊ. त्याला वीज लागते, आणि यंत्र म्हटले की बिघाड आला. म्हणून यंत्र असले तरी टाक्या भरूनच निघतात.

अशी एक ५६ फुटी होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. तिचे नाव म्हादेई. मांडवी नदीचेच हे मूळ नाव. खाऱ्या समुद्रावर जायच्या होडीला गोड्या पाण्याच्या नदीचे नाव दिले, ही कल्पना मला फार आवडते. या म्हादेईवरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परत आले. एकट्याने शिडाच्या होडीतून जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता १५१ दिवसांत फिरून आले. न थांबता म्हणजे वाटेत एकही विहीर नाही. जे भरले, जे यंत्राने केले आणि जे आकाशातून मिळाले, तेवढेच.

याच टॉमींनी २०२२-२३ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत भाग घेतला. १९६८ च्या काळातल्याच साधनांनी ही शर्यत करायची असते, त्यामुळे गोडे पाणी करणारे यंत्र त्यात वापरता येत नाही. २३६ दिवस त्यांनी टाक्यांतल्या आणि पावसाच्या पाण्यावर काढले आणि दुसरे आले. तेच टॉमी २०१८ च्या शर्यतीत हिंदी महासागरात वादळात सापडले होते. डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली आणि मदत येईपर्यंत तीन दिवस ते होडीत जवळजवळ हलता न येता पडून होते. पाणी होडीत असणे आणि ते हाताला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा वेळी कळते.

म्हादेईची धाकटी बहीण तारिणी. तिच्यावरून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २५४ दिवसांत जगाला फेरी पूर्ण केली. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच होडी फिरवून आणली. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनले आणि दक्षिण आफ्रिकेतले केप टाऊन, ही त्यांची थांबायची बंदरे. बंदर लागले की दुरुस्ती, भाजीपाला आणि टाक्या भरणे. गलबतांच्या काळात मुक्काम दिवसांच्या अंतरावर होते, आता आठवड्यांच्या.

मालवणच्या धक्क्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाशी मागे गप्पा झाल्या. होडीला इंजिन नव्हते तेव्हापासूनचा तो माणूस. पूर्वी पाणी कशातून न्यायचात, असे मी विचारले. मातीची मडकी, म्हणाला. खाली काथ्याची चुंबळ, बाजूने पेंढा, आणि तोंडाला फडके बांधलेले. भाताला अर्धे पाणी गोडे आणि अर्धे समुद्राचे, म्हणजे मीठ वेगळे घालायला नको. हात-तोंड धुवायचे ते खाऱ्यानेच. मडक्याला तांडेलाला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मग तो घरचा मुलगा का असेना. आता होडीवर प्लॅस्टिकचे मोठे ड्रम असतात, वर बर्फ असतो आणि पोरे बाटलीबंद पाण्याचे खोके घेऊन येतात. मी विचारले, मग आता काळजी मिटली ना? त्याने समोरच्या किल्ल्याकडे हात केला आणि म्हणाला, "ड्रम भरूक पाणी जमिनीवरूनच आणूक लागता."